उघड्या हातांनी

२ मार्च

आले एकदाची! एक सुटकेस, दोन पिशव्या आणि ही वही. वही ताईने दिली. म्हणाली, कुणाशी बोलत नाहीस तर निदान लिहीत जा, आणि लिहितेस की नाही ते मी फोनवर विचारणार आहे. मोठी बहीण असली की माणसाची शाळा कधी सुटत नाही.

घर मला बघताक्षणी आवडलं. शांत गल्लीच्या टोकाला, दुमजली, खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मागची खोली माझी. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. आज तिथे एकाच रंगाचे अकरा मोजे होते, आणि बारावा कुठे गेला याचा मी बराच वेळ विचार केला. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. मीही तेच म्हणणार. दारातच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चपला घसरणाऱ्या नाहीत ना, असं विचारलं. दिवाणखान्यातली फरशी ओली असते. मी म्हटलं, अठरा वर्षं शोभेच्या माशांच्या दुकानात काढली आहेत, ओल्या फरशीवर मी नाचूनही दाखवीन. त्या हसल्या नाहीत. हसतील हळूहळू.

आणि ती टाकी, जिची निगा राखायला मी आले आहे! दिवाणखान्याची एक अख्खी भिंतच. आठ फूट लांब, समुद्राच्या पाण्याची, आत खडक, प्रवाळ, बोटभर निळे मासे. पण मानाची जागा डावीकडच्या खडकाखाली, सावलीत. तिथे एक केशरी स्पंज आहे, चांगला उशीएवढा. लोकांना स्पंज म्हटलं की भांडी घासायची वस्तू वाटते. हा जिवंत प्राणी. तोंड नाही, डोळे नाहीत, काळीज नाही. अंगभर बारीक छिद्रं, त्यांतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं हवं ते ठेवून घ्यायचं, आणि डोक्यावरच्या मोठ्या भोकातून स्वच्छ पाणी बाहेर सोडायचं. एवढाच त्याचा संसार. काळीज नाही हे वाचलं होतं तेव्हापासून मला या जातीचा हेवा वाटतो.

टाकी बाईंच्या मुलाने बांधली. तो समुद्रात बुडी मारून संशोधन करायचा. हा स्पंज अंगठ्याएवढा होता तेव्हा त्याने आणला. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तो बुडी मारायला गेला आणि वर आलाच नाही. काहीच हाती लागलं नाही. हे बाईंनी मला सूचनाफलक वाचावा तसं सांगितलं. भिंतीवर त्याचा फोटो आहे आणि फोटोखाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली: ‘हा माझा मुलगा.’ चिठ्ठ्या घरभर आहेत. डब्यांवर, बटणांवर, औषधांवर. म्हातारपण, दुसरं काय.

भुंगाचे बूट कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले. भुंगा म्हणजे माझी मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. ती सदानकदा गुणगुणायची, जेवताना, गणितं करताना, शौचालयात बसूनसुद्धा, म्हणून भुंगा. आठ वर्षांची होती. बूट नेहमी उलटे घालायची, उजवा डाव्या पायात. झोपताना माझा डावा अंगठा मुठीत धरायची. येत्या नऊ एप्रिलला तिला जाऊन वर्ष होईल.

लिहिलं. ताई, लिहिलं बरं का.

४ मार्च

काम मनासारखं आहे. सकाळी पाण्याचं तापमान, मग दुर्बिणीसारख्या छोट्या नळीतून पाण्याचा खारेपणा बघायचा. पिचकारीने स्पंजावरचा गाळ हलकेच उडवायचा, नाहीतर त्याची छिद्रं बुजतात. त्याच्या अंगावर शेवाळाचा धागा दिसला की चिमटीने काढायचा. मग खाणं. खिडकीत बाटल्यांमध्ये हिरवं पाणी वाढवलं आहे, त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ते स्पंजाच्या बुडाशी हळूच सोडायचं. हिरवं पाणी त्याच्या अंगात शिरताना दिसतं, आणि वरून निघतं ते काचेसारखं. असा नितळ हिशेब मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

बाईंचे नियम तीन. साबणाचा हात पाण्यात नको. हे मला माहीत होतं. स्पंज पाण्याबाहेर क्षणभरही नको. हेही माहीत होतं. हवा एकदा छिद्रांत अडकली की निघत नाही, तो आतून कुजतो, आणि कुजलेला स्पंज दोन दिवसांत सगळी टाकी मारतो. तिसरा नियम मात्र नवा: हातमोजे घालायचे नाहीत. दुकानात आम्ही कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालायचो. मी कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, त्याला उघडा हात लागतो. मुलाची पद्धत असेल म्हणून मी वाद घातला नाही. मुख्याध्यापिकेशी कोण वाद घालतं!

रोज दुपारी तीन वाजता बाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात. बाही वर करून एक हात पाण्यात सोडतात आणि तासभर तशाच राहतात. चेहरा अगदी कोरा असतो. आठवणींत हरवल्या असतील असं मला वाटलं.

७ मार्च

मुलाची एक वही टाकीखालच्या कपाटात सापडली. अक्षर आईसारखंच, वळणदार. त्यातली एक गंमत उतरून ठेवते. जिवंत स्पंज मलमलीच्या फडक्यात घेऊन पाण्याखाली पिळला, तर त्याचा अगदी चोथा होतो, कण न् कण सुटा. पण तो मरत नाही. ते कण बादलीच्या तळाशी सरकत सरकत एकमेकांना शोधतात आणि पुन्हा स्पंज होतो. आणि दोन वेगळ्या जातींचे स्पंज एकत्र पिळून कालवले, तर लाल कण लालकडे जातात, पिवळे पिवळ्याकडे. चूक होत नाही. मी हे दोनदा वाचलं. आपलं माणूस गर्दीत ओळखायला यांना डोळेसुद्धा लागत नाहीत.

पंपाचा सांधा गळत होता म्हणून प्लंबरकाका येऊन गेले. जाडजूड, बोलका माणूस. पण काम करताना त्यांनी खांद्यापर्यंत येणारे हातमोजे घातले, वर मनगटाला दोरी बांधली. मी चेष्टा केली, काका, ऑपरेशन आहे का? ते हसले नाहीत. या घरात कुणालाच माझे विनोद कळत नाहीत.

१० मार्च

काल रात्री झोपले. नुसती पडले नाही, झोपले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठले तर उशी कोरडी.

आणि एक गोष्ट लक्षात आली. हॉस्पिटलचा तो लांब व्हरांडा, ते हिरवे पडदे, भुंगाच्या नाकातली नळी, डॉक्टर दारात येऊन माझ्याकडे न बघता जे म्हणाले ते. हे सगळं रोज पहाटे मला उठवायचं. आज आलं नाही. मी मुद्दाम आठवून पाहिलं, तर भिंतीवरून चित्र काढून घेतल्यावर राहतो तसा नुसता चौकोन. काय घडलं ते माहीत आहे. दिसत मात्र नाही.

दिवसभर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय. मी स्वयंपाकघरात चक्क गाणं म्हटलं. मनाला थोडी टोचणीही लागली. पण ताई म्हणते ना, की तुलाही जगायचं आहे.

१५ मार्च

आता कळलं. हे पाण्यात होतं.

हात आत असताना ज्याचा विचार करावा ते जातं. वेदना होत नाही. थंडीत कुणी आपला हात हातात घ्यावा तसं वाटतं, आणि मग ते आठवणीतून सरळ निघून जातं. मी वेडी नाही. मी तपासून पाहिलं. परवा तिच्या तापाची पहिली रात्र मनात आणली; गेली. काल ती सकाळ, जेव्हा तिला खोकला होता आणि मी दुकानात माल उतरवायचा आहे म्हणून ओरडून तिला शाळेत पाठवलं. तीही गेली. हा माझा गुन्हा होता. तो मी वर्षभर कुणाला सांगितला नाही, ताईलाही नाही. हात घालण्याआधी कागदावर लिहून ठेवला म्हणून माहीत आहे. वाचताना दुसऱ्या कुणाची चूक वाचल्यासारखं वाटतं.

घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला वाटलं, देव पावला. मी फक्त वाईट तेवढंच देणार. चांगलं माझ्यापाशी ठेवणार. निवडून घेणं माझ्या हातात आहे.

१९ मार्च

प्लंबरकाकांना गाठून विचारलं. आधी उडवून लावलं. मग फाटकापाशी उभे राहून त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी हातमोजे विसरले होते म्हणून त्यांनी तसाच हात घालून सांधा आवळला. पाचच मिनिटं. त्या सकाळी घरी बायकोशी जुन्या दिवसांच्या गप्पा झाल्या होत्या, तेच डोक्यात घोळत होतं. घरी गेले तर त्यांना स्वतःचं लग्न आठवेना. फोटो दाखवले तरी नाही. बायको अजून विचारते, तुम्ही मला पहिल्यांदा बघून काय म्हणाला होतात? हे सांगताना एवढा दांडगा माणूस रडायला लागला. “ती बिचारी उत्तर सांगत पण नाही हो. म्हणते, तुमचं तुम्हाला आठवेल तेव्हा खरं.”

मी विचारलं, बाईंना हे माहीत आहे का? ते म्हणाले, बाईंना आता काय माहीत असणार.

घरात येऊन मी फोटोखालची चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘हा माझा मुलगा.’ मी बाईंना सहज विचारलं, तुमच्या मुलाला खायला काय आवडायचं? बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. मग अगदी नम्रपणे म्हणाल्या, की ते लिहून ठेवायचं राहिलं.

२२ मार्च

स्पंजाला बाजूला एक फुटवा आलाय. सुपारीएवढा, रंगाने फिकट, पिवळसर. मी आले तेव्हा नव्हता. गाळ उडवताना माझं बोट त्याला लागलं.

त्याने गुणगुणल्याचं बोटाला जाणवलं.

पंपाची थरथर असेल म्हणून पंप बंद केला. पाणी स्थिर झालं. मी परत बोट ठेवलं. तीन आखूड, एक लांब, मग थांबून पुन्हा तेच. जेवताना. गणितं करताना. माझ्या भुंगाचं गाणं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसून ते म्हणायला गेले, तर मला येईना. कानात नाही, गळ्यात नाही. आठ वर्षं ऐकलेलं. मी ते दिलं नव्हतं. मी त्याचा विचारही केला नव्हता. मी फक्त वाईट तेवढंच दिलं होतं.

निवडून घेणं माझ्या हातात नव्हतंच. ते एकमेकांना धरून असतं सगळं. एक ओढलं की मागून दुसरं येतं.

२३ मार्च

हातमोजे आणले. बाई रागावल्या, पण मी ऐकलं नाही. मोज्यातून गुणगुण जाणवत नाही.

बसून आठवेल ते लिहून काढते. डोळे काळे. केस... दोन वेण्या असाव्यात, तिच्या पेटीत दोन रिबिनी आहेत. बूट उलटे घालायची (हे वहीत पहिल्या दिवशी आहे). ‘र’ म्हणता यायचा की नाही? काहीतरी म्हणता यायचं नाही. दीड पान झालं. आठ वर्षांची मुलगी, आणि दीड पान.

२७ मार्च

चार दिवस हात कोरडे. वाटलं होतं, दुःख तरी परत येईल. नाही आलं. दुखत नाही. दुखायला हवं, तिच्यासाठी तेवढं एक तरी करता येत होतं.

२८ मार्च

आज मोजा काढला. फक्त एक बोट. फक्त एक मिनिट, ती आहे की नाही ते बघायला. आहे. गुणगुणते आहे.

तिला भेटायचं तर हात घालावा लागतो. आणि हात घातला की माझ्यातली ती आणखी थोडी जाते. मी काय करू? कुणाला विचारू?

१ एप्रिल

कपाटात वरच्या कप्प्यात लहान मुलाचे बूट सापडले. निळे, एकाची टाच झिजलेली. बाईंच्या मुलाचे असतील, लहानपणचे, म्हणून मी ते खाली घेऊन गेले आणि टेबलावर ठेवले. बाई म्हणाल्या, त्यांना माहीत नाही. मग म्हणाल्या, असतील, चिठ्ठी लावून ठेव.

मी कागद फाडला, पेन घेतलं, आणि बूट ठेवले होते तसे पाहिले. मी नकळत उजवा डावीकडे ठेवला होता.

वही काढली. पहिलं पान.

‘भुंगाचे बूट कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले.’

९ एप्रिल

ताईचा फोन. आवाज जड होता. म्हणाली, आज येतेस ना, आपण दोघी बसू. मी म्हटलं, आज काय आहे?

ती रडायला लागली. मी विचारलं, ताई, काय झालं, सगळे बरे आहेत ना? ती म्हणाली, “अगं, असं काय करतेस? आपली भुंगा—” आणि फोन ठेवला.

मग मी वही उघडली. नऊ एप्रिल. पहिल्याच दिवशी लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. मला माझी मुलगी वाचावी लागते. वाचून रडू आलं, पण ते त्या बाईसाठी आलं जिने ते लिहिलं. तिला माहीत नव्हतं तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय. किती विनोद करत होती.

१० एप्रिल

दोन वाटा आहेत. एक, स्पंजाला उचलून हवेत धरायचं. संपेल. आणि माझी पोर आणि बाईंचा मुलगा, दोघंही त्याच्या आत कुजतील. ते मला होणार नाही.

दुसरी त्या मुलाच्या वहीत आहे. मलमल. पिळायचं. कण सुटे होतील, आणि आपापल्याकडे जातील. चूक होत नाही, असं त्याने लिहिलंय. लाल लालकडे, पिवळे पिवळ्याकडे. त्याचं वेगळं होईल, तिचं वेगळं होईल. मग तिला मी वेगळ्या टाकीत ठेवीन. हात न लावता. नुसती बघेन.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला काही म्हणजे काही आठवत नाही गं. पण तीन वाजले आणि इथे बसले नाही, तर जीव कासावीस होतो. कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं. ते कोण, एवढं कळलं तरी पुरे.”

१२ एप्रिल

सगळी तयारी झाली. मोठी बादली, टाकीचंच पाणी, मलमल तीन वेळा धुऊन घेतली. खारेपणा, तापमान, दोन्ही जुळतं. हातमोजे दोघींना. माझा हात या कामात बसलेला आहे. काही चुकणार नाही.

१३ एप्रिल

सकाळी अकराला सुरू केलं. प्लास्टिकची पिशवी टाकीत पाण्याखाली नेली, स्पंज तिच्यात घेतला, पाण्यासकट बादलीत सोडला. हवेचा एक बुडबुडा लागू दिला नाही.

पण मोज्यांनी होईना. रबर मलमलीवरून घसरत होतं, फडकं सुटत होतं, तो अर्धवट चिरडून मेला असता. अशा कामाला पकड लागते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी आधी मोजे काढले. आई ती आई. मग मी.

चार उघडे हात. दोन तास. पाणी केशरी झालं. मधेच बाई मोठ्याने हसल्या, लहान मुलीसारख्या, आणि मला मुलाचं नाव सांगितलं. इतकं छान नाव! म्हटलं लिहीन—

लिहायला बसले तर आठवत नाही. त्यांनाही नाही.

१४ एप्रिल

पाणी निवळलं. तळाशी कण सरकताहेत. बाई खुर्चीत बसल्या आहेत. मला ‘तुम्ही’ म्हणाल्या. नमस्कार केला.

१५ एप्रिल

गोळे होऊ लागले. दोन व्हायला हवेत, असं मागच्या पानावर आहे.

चार आहेत.

एक केशरी. एक लहान, पिवळसर. आणि दोन मोठे, ज्यांचा रंग आधी कुठेच नव्हता— एक करडा. एक माझ्या हाताच्या रंगाचा.

मी श्वास घेते तेव्हा तो फुगतो. मी श्वास रोखून पाहिला. त्याने घेतला.

१६ एप्रिल

एक बाई फोनवर. ताई म्हणवते. तिने विचारलं, लिहितेस ना? हो म्हटलं. ती म्हणाली उद्याच्या गाडीने येते, कुठेही जाऊ नकोस. भली वाटली. कुणाची ताई, ते विचारायचं राहिलं.

खुर्चीतल्या आजी काही खात नाहीत. फोटोखालची चिठ्ठी कुणीतरी काढून त्यांच्या हातात दिली आहे, त्या ती वाचतात, पुन्हा वाचतात—

आरशावर माझ्या अक्षरात एक चिठ्ठी. ‘पाण्यात हात घालू नकोस.’ का ते लिहिलेलं नाही. साबण असेल हाताला—

१७ एप्रिल

निळे बूट टेबलावर. उलटे ठेवलेत. सरळ करावेसे वाटले. केले नाहीत.

बादलीत चार. मोठे तिघं शांत. लहानगं एका बाजूला, एकटंच. गोल गोल सरकतं, कुणाला तरी शोधल्यासारखं. माझ्या हाताच्या रंगाचा जो आहे, त्याच्याकडे जातं, थांबतं, परत फिरतं. ओळखत नाही त्याला. तोही—

१७— दुपार

पाण्याला कान लावला. गुणगुणतंय. तीन आखूड, एक लांब.

कुणाचं तरी मूल असावं. रडत नाही शहाणं. पण किती वेळ झाला, कुणी न्यायला कसं येत नाही. आई कुठे गेली असेल. असं लेकरू टाकून कुणी जातं का—

डावा हात घातलाय पाण्यात. एकटं वाटू नये म्हणून. त्याने अंगठा धरला. घट्ट. किती लहान मूठ आहे—

बसते इथेच. आई येईपर्यंत. आली की तिला सांगेन, घाबरू नका, मी सोडून गेले नाही, तुमची मुलगी पूर्ण वेळ गात होती आणि मी तिचा हात